आसनाजवळचं सॉकेट

रिद्धीने सेफ्टीपिनच्या टोकाने लॅपटॉपच्या खाचेतून तांदळाचा दाणा उकरून बाहेर काढला. दाणा कुंकवाने लाल झालेला होता आणि मागच्या दिवाळीपासून तिथे ठाण मांडून बसला होता. सकाळपासून ती पेनड्राइव्ह लावत होती, लॅपटॉप ओळख दाखवत नव्हता, आणि ती बिचारी सगळ्या सेटिंग्ज पालथ्या घालत बसली होती. दोष निघाला लक्ष्मीपूजनाचा. सासरच्या भांड्यांच्या दुकानात दरवर्षी हा लॅपटॉप चौरंगावर ठेवतात, त्याच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढतात आणि वर मूठभर अक्षता टाकतात. लक्ष्मी प्रसन्न होते की नाही ते लक्ष्मीला ठाऊक. पेनड्राइव्हची वाट मात्र बंद होते.

तिने खाचेत जोरात फुंकर मारली आणि पेनड्राइव्ह पुन्हा लावला. लॅपटॉप बंद करून चालू केला. या वेळी काळ्या पडद्यावर लिनक्सचं नाव आलं.

"आला एकदाचा," ती एकटीच मोठ्याने म्हणाली.

लॅपटॉप तसा तिचाच. धुळ्याला कॉलेजात असताना वडिलांनी घेऊन दिलेला, लग्नात तिच्या कपड्यांच्या बॅगेतून चोपड्याला आलेला. पहिल्याच दिवाळीत सासूबाईंनी, चंदनबाईंनी, तो तिच्या कपाटातून उचलला आणि दुकानातल्या चौरंगावर नेऊन ठेवला. "घरातली वस्तू घराच्या कामी येऊ दे," एवढंच म्हणाल्या. कुंकू लागलं, अक्षता पडल्या, आणि वस्तू दुकानाची झाली. नव्या सुनेने, या घरच्या भाषेत बिनणीने, पूजेत मांडलेली वस्तू परत कशी मागायची? पुढच्याच आठवड्यात त्यात बिलांचा प्रोग्रॅम बसला. रिद्धीने तेव्हा पासवर्डही सांगून टाकला. पण राग गिळला म्हणून पचतो थोडाच! लेक आयुषी आता पहिलीत गेली, तरी चंदनबाई कपाटाजवळ दिसल्या की रिद्धी हातातलं काम टाकून तिथे जाऊन उभी राहायची.

आता तिला त्या लॅपटॉपचा एक कोपरा परत हवा होता. कॉलेजातली मैत्रीण भाविका नाशिकच्या एका कंपनीत होती. लोकांचे सर्व्हर सांभाळायचं काम, घरी बसून करता येईल असं. भाविकाने तिचं नाव पुढे केलं होतं आणि उद्या सकाळी अकराला परीक्षा होती. परीक्षा लिनक्स नावाच्या सिस्टिमवर द्यायची, आणि दुकानाचा प्रोग्रॅम चालायचा फक्त विंडोजवर. म्हणून एकाच लॅपटॉपमध्ये दोन्ही बसवायचे: चालू करताना विचारेल, कोण हवंय, आणि आपण सांगायचं. पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून काम भागतं का, तेही तिने दाणा निघाल्यावर आधी बघून घेतलं होतं. एक खिडकी उघडेपर्यंत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

सासऱ्यांना, पारसमलजींना, हे समजावताना तिने ताटातली पोळी दाखवली होती. अर्धी दुकानाची, अर्धी माझी.

"म्हणजे भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी," पारसमलजी म्हणाले, आणि जेवणाच्या टेबलावर सगळे हसले. रिद्धीही हसली. हसता हसता तिच्या मनात आलं, ओसरी कुणाची आणि भट कोण, हे जरा विचारा ना कुणीतरी.

मग सासऱ्यांनी हात धुतले आणि रुमालाला पुसत म्हणाले, "हे बघ बेटा, मी नाही म्हणत नाही. परीक्षेच्या दिवशी दुपारपर्यंत हातानेच बिलं फाडू. पण दुकानाचं काही बिघडलं, तर परत हा विषय नाही. चालेल?"

"चालेल, पप्पाजी."

नवऱ्याने, रोनकने, टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. त्याचा पाठिंबा नेहमी टेबलाखालूनच असायचा.

आज दुकानाची सुट्टी. बाप-लेक पहाटेच जामनेरला गेले होते. तिकडे रोनकच्या आत्याबाईंनी महिनाभराचा उपास केला होता आणि आज पारणं होतं. चातुर्मास चालू होता. घरात कांदा-लसूण बंद, हिरवी भाजी बंद, आणि चंदनबाईंचा रोज दुपारी सामायिकाचा नियम. दोन घटिका, म्हणजे पाऊण तासाहून जरा जास्त, एका आसनावर, तोंडाला मुहपत्तीची पांढरी पट्टी बांधून, संसाराचा कुठलाही विचार न करता बसायचं. त्या वेळात विजेच्या वस्तूला हात लावायचा नाही, दुसऱ्याला लावायला सांगायचंही नाही. पंखासुद्धा बंद. भादव्याच्या उकाड्यात चंदनबाई हॉलच्या खिडकीखाली घामाने भिजत बसायच्या, पण एक दिवस चुकवला नव्हता. चातुर्मासासाठी गावातल्या जैन स्थानकात उतरलेल्या साध्वी महासतीजींसमोर उभं राहून त्यांनी नियम घेतला होता, आणि चंदनबाईंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

दोघींनी लवकर जेवून घेतलं. रिद्धीचं अर्धं लक्ष बेडरूममधल्या लॅपटॉपकडे होतं.

"होऊन जाईल ना?" चंदनबाईंनी मुगाचं वरण वाढता वाढता विचारलं.

"होईल. विंडोजला थोडं सरकवायचं, मोकळी जागा करायची आणि तिथे दुसरं बसवायचं. डिस्क जुनी आहे, म्हणून वेळ लागेल."

"आणि मधेच लाईट गेली तर?"

रिद्धीने मान वर करून पाहिलं. सासूबाईंना या गोष्टीत रस असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"सरकवता सरकवता बंद पडला तर दोन्ही जातील, मम्मीजी. दुकानाचं पण, माझं पण. दुकानाचा हिशोब मी काढून ठेवलाय, तो जाणार नाही. पण तो प्रोग्रॅम परत बसवायला जळगावचा माणूस यावा लागतो. म्हणजे पप्पाजींना कळणारच."

"बॅटरी नाही का त्याला?"

"नावाला आहे. एक भाजी चिरून होईपर्यंत टिकली तर टिकली."

"मग इन्व्हर्टरवर का नाही लावत?"

"इन्व्हर्टरचं सॉकेट हॉलमध्ये, तुमच्या आसनापाशी आहे ना. वायर आसनाला लागेल."

चंदनबाई "हूं" म्हणाल्या आणि ताट धुवून ते पाणी प्यायल्या. चातुर्मासात त्या ताटात कण ठेवत नसत. आसनाला विजेची वायर लागली तर सामायिकाला दोष लागतो, हे या घरात आयुषीलाही माहीत होतं. आणि गेल्या दहा दिवसांत लाईट एकदाही गेली नव्हती. बेडरूमचं सॉकेट काय वाईट होतं?

रिद्धी आत आली आणि एकेक पान पुढे नेत गेली. भाषा. वेळ. मग तो प्रश्न आला: विंडोजच्या शेजारी बसवायचं की सगळं पुसून टाकायचं? पुसून टाकायच्या ओळीवर तिचं बोट क्षणभर रेंगाळलं, हे खोटं कशाला बोला. मग तिने शेजारीची ओळ निवडली. मधली रेघ ओढून जागा वाटून दिली, आपल्याकडे जरा कमीच घेतली, आणि बटण दाबलं. आता मागे फिरता येणार नाही, अशी सूचना आली. ती तिने मोठ्याने वाचली आणि हो म्हटलं.

निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. रिद्धी पलंगाच्या कडेला बसली, उठली, कपाट उघडलं, उगाच साड्या सारख्या केल्या, परत येऊन पट्टी पाहिली. ती होती तिथेच होती. नखं खायची सवय लग्नानंतर गेली होती. आज परत आली.

तेवढ्यात फोन वाजला. शाळेतून सुनंदाबाई बोलत होत्या, आयुषीच्या बाई.

"आयुषीची आई ना? तिला उलटी झाली हो. अंग पण कोमट लागतंय. घेऊन जाता का?"

"आत्ता?"

"हो, पडूनच आहे ती."

आई म्हणून विचारायचा प्रश्न तो नव्हता, हे तिला फोन ठेवल्यावर कळलं आणि तिचा तिलाच राग आला. तिने पर्स उचलली. हॉलमध्ये आली तर चंदनबाई आसनावर बसलेल्या, मुहपत्ती बांधलेली, वाळूचं घड्याळ उलटं करून समोर ठेवलेलं. नुकतंच सुरू झालं होतं.

"मम्मीजी, आयुषीला बरं नाहीये, मी घेऊन येते. आणि जर लाईट..."

तिने वाक्य तिथेच तोडलं. सामायिकात बसलेल्या माणसाला असलं सांगणं म्हणजे त्याच्या व्रतात आपण काडी टाकणं. चंदनबाईंनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, आयुषीचं ऐकून कपाळाला आठी पडली, हाताने "जा" म्हणून खूण केली आणि डोळे मिटून घेतले.

शाळेत आयुषी ऑफिसातल्या बाकावर आडवी झाली होती. चेहरा उतरलेला, पण आईला पाहून तिने लगेच तक्रार सुरू केली, म्हणजे फार काही नव्हतं. रिद्धीने तिचं तोंड पुसलं, दप्तर खांद्याला लावलं, सुनंदाबाईंचे आभार मानले. आणि डोक्यावरचा पंखा हळू झाला. मग थांबला.

"गेली वाटतं," सुनंदाबाई म्हणाल्या आणि हजेरीपटाने वारा घेऊ लागल्या.

रिद्धी आयुषीला उचलून जवळजवळ पळतच फाटकाबाहेर आली. फाटकाशी पुना रिक्षावाला पाय पसरून बसला होता.

"पुनादादा, लाईट फक्त शाळेची गेली का हो?"

"नही वो ताई, बठ्ठा गावनी गयी शे. डीपीवर काम चालू शे म्हने. येवाले टाइम लागी."

"घरी सोडा पटकन. लवकर!"

"बठा. काय व्हयनं? पोरले जास्ती शे का?"

"हो," ती म्हणाली. काय सांगणार? पोरीपेक्षा एका निळ्या पट्टीची काळजी लागली आहे, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? आयुषी मांडीवर डोकं ठेवून पडली होती. रिद्धीचा एक हात तिच्या कपाळावर होता, दुसऱ्या हाताने ती चंदनबाईंचा नंबर लावत होती. घंटा वाजत राहिली. वाजणारच. सामायिकात फोन कोण उचलतं? तरी तिने पुन्हा लावला. मग पुन्हा. चौथ्यांदा लावताना स्वतःलाच म्हणाली, बस कर आता.

यावल रस्त्यावर केळीचा ट्रक आडवा लागला होता. माणसं घडांच्या पाट्या डोक्यावरून वाहत होती आणि कुणालाही कसलीही घाई नव्हती. पुनाने हॉर्न वाजवला. ट्रकवाल्याने हात वर करून 'थांब' म्हटलं. रिद्धीला वाटलं, उतरून पळत जावं. पण मांडीवर पोर होतं.

"मम्मी, तुझा पाय हलतोय," आयुषी म्हणाली.

"झोप तू."

"हलतोय तर कशी झोपू?"

रिद्धीने पाय दाबून धरला. एव्हाना भाजी चिरून झाली असेल. फोडणी पडली असेल. संध्याकाळी पप्पाजी येतील, काही आरडाओरडा करणार नाहीत, तो त्यांचा स्वभावच नाही. नुसते म्हणतील, "झालं ते झालं," आणि विषय मिटेल. कायमचा. भाविकाला काय सांगायचं? लाईट गेली म्हणून? खुद्द तिलाच ते कारण पोरकट वाटलं. कोण म्हणालं होतं सासूच्या आसनाचा एवढा मान ठेव म्हणून? वायर चार बोटं बाजूने गेली असती तर काय आकाश कोसळलं असतं? मान ठेवायचा, गप्प बसायचं, आणि हातात काय येतं तर हे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते रागाचं होतं.

ट्रक एकदाचा हलला. घराच्या पायरीशी रिक्षा थांबते न थांबते तोच ती उतरली. पुनाने दप्तर आणून दिलं, तिने पैसे दिले की नाही तेही नंतर आठवेना.

दार नुसतं लोटलेलं होतं. ती आयुषीला कडेवर घेऊन थेट बेडरूममध्ये गेली. टेबल रिकामं होतं. लॅपटॉप नाही, वायर नाही, सॉकेट मोकळं. क्षणभर तिला काही कळेनाच.

"मम्मी, ते बघ," आयुषी तिच्या खांद्यावरून मागे बोट दाखवत म्हणाली.

लॅपटॉप हॉलमध्ये होता. खिडकीखाली, जिथे चंदनबाई बसतात बरोबर तिथे, एका पाटावर ठेवलेला. पेनड्राइव्ह जागच्या जागी, वायर भिंतीतल्या इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये नीट बसवलेली, बटण खाली केलेलं. निळी पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली होती आणि अजून सरकत होती.

चंदनबाई तिथे नव्हत्या. त्या मागच्या पडवीत होत्या. धुणं वाळत घालायच्या तारेखाली, उन्हाची तिरीप अंगावर येत असताना, फरशीवर आसन घालून बसलेल्या. डोळे मिटलेले, पाठ ताठ, मुहपत्ती घामाने ओली. समोरच्या घड्याळात वरच्या कुपीत वाळू जवळजवळ भरलेली होती. मघाशी सुरू केलेली वाळू एव्हाना अर्ध्याहून जास्त खाली यायला हवी होती.

रिद्धी दारात उभी राहिली. तिने आयुषीला आत नेऊन निजवलं, साखर-मिठाचं पाणी चमच्याने पाजलं, आणि हॉलमध्ये येऊन पाटासमोर मांडी घालून बसली. मघापासून इकडून तिकडे पळणारा जीव आता कुठे जाग्यावर आला. या बाईने लॅपटॉप उचलला कसा असेल? आयुष्यात दुकानातलं बिलसुद्धा ज्यांनी कधी काढलं नाही, त्यांनी चालू लॅपटॉप, वर लटकता पेनड्राइव्ह, हे सगळं तुपाने काठोकाठ भरलेल्या वाटीसारखं धरून इथवर आणलं असणार. कुणाचीही मदत नाही. आणि हाका मारायला तोंडही मोकळं नाही.

लाईट आली तेव्हा पट्टी पूर्ण झाली होती. रिद्धीने पेनड्राइव्ह काढला, लॅपटॉप बंद करून चालू केला. काळ्या पडद्यावर दोन नावं एकाखाली एक आली. तिने आधी विंडोज उघडून पाहिलं. दुकानाचा प्रोग्रॅम, बिलं, सगळं जागेवर. मग दुसरं उघडलं. रिकामं, स्वच्छ, त्यावर तिचंच नाव. मग तिने एक शेवटचं काम केलं: काहीच दाबलं नाही तर आपोआप विंडोजच सुरू होईल असं करून ठेवलं. पप्पाजींना कधी काही विचारावं लागू नये.

चंदनबाई आत आल्या तेव्हा त्यांच्या गालावर मुहपत्तीच्या दोऱ्याचा वळ उमटला होता. त्यांनी आधी आयुषीच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाहीये," रिद्धी म्हणाली. "झोपलीय."

"हं. शाळेबाहेरच्या त्या चिंचेच्या गोळ्या खाल्ल्या असणार. सांगून सांगून तोंड दुखलं." त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. रिद्धीने पंखा लावला आणि पाण्याचा तांब्या आणून दिला. त्यांनी उकळून गार केलेलं पाणी सावकाश पिऊन संपवलं.

"झालं तुझं?"

"झालं, मम्मीजी."

"दोन्ही राहिली?"

"दोन्ही."

चंदनबाईंनी पाटाकडे पाहिलं. "तो टीं टीं करायला लागला. मी म्हटलं, ओरडू दे. डोळे मिटून माळ चालू ठेवली. मग फोन वाजायला लागला. थांबला की परत वाजला. परत वाजला." त्यांनी रिकामा तांब्या बाजूला सारला. "मी उठले."

"तुमचा नियम मोडला, माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे कशाला? पाय माझे, हात माझे."

"पण मम्मीजी, इतक्या दिवसांचा..."

"परत बसले ना. ते झालं पूर्ण." त्यांनी पदराने मान पुसली. "पण पहिलं मोडलं ते मोडलं. उद्या स्थानकात जाऊन महासतीजींसमोर सांगावं लागेल, काय केलं, का केलं. त्या देतील ते प्रायश्चित्त घ्यायचं. एक उपास देतील, दोन देतील. उपासाचं काय, तो मी करीन."

"मी येते तुमच्याबरोबर. मी सांगते त्यांना, कसं झालं ते."

"तुझी परीक्षा नाही का उद्या?"

"अकराला आहे. त्याच्या आधी जाऊ."

"नको. तू अभ्यास कर." चंदनबाईंनी उठायला म्हणून हात टेकला, पण उठल्या नाहीत. पंख्याच्या वाऱ्याने केसांची बट कपाळावर येत होती, ती त्यांनी मागे सारली आणि आवाज खाली आणून, शेजारच्या खोलीतल्या आयुषीलाही ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाल्या,

"अडचण वेगळीच आहे गं, बिनणी. प्रायश्चित्त घेताना मनात पश्चात्ताप लागतो. नसेल तर ते लागू होत नाही. मघापासून दोन घटिका तिकडे उन्हात बसून मी तोच आणायला बघतेय." त्यांनी रिद्धीकडे पाहिलं. "येतच नाहीये."